अर्थसंकल्पात रस्ता आहे, मग पैसा का नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची सरपंच आहे. मार्चमध्ये पेपरात आलं की आमच्या गावच्या रस्त्याला अन् नाल्यावरच्या रपट्याला (ठेंगण्या पुलाला) अर्थसंकल्पात ४० लाख मंजूर झाले. गावात पेढे वाटले. आता कापूस वेचणी सुरू आहे, बंड्या नाल्यात फसतात, अन् शाखा अभियंता म्हणतात तरतूदच नाही. आमदारांच्या ऑफिसातून सांगतात, निधी मंजूर आहे, फक्त सुटायचा आहे. गावातली पोरं म्हणतात, सरकार पाहिजे तेवढं कर्ज काढते, आपल्यालाच देत नाही. सरकारच्या खर्चाला राज्यघटनेत काही बंधन आहे का? असेल तर कोर्टात जाता येईल का?"

ताई, अभियंता खरं बोलतात आणि आमदारांच्या ऑफिसातला माणूसही खोटं बोलत नाही. घोळ 'मंजूर' या शब्दाचा आहे. कामाचं नाव अर्थसंकल्पासोबतच्या यादीत छापून आलं की आपण मंजूर म्हणतो. विधानसभेने खात्याच्या मागणीला मत दिलं की मंजूर. प्रशासकीय मान्यतेचा आदेश निघाला की मंजूर. आणि त्या वर्षाचा पैसा प्रत्यक्ष वितरित झाला की तेव्हाही मंजूरच. या चार गोष्टींमध्ये कधी महिने जातात, कधी वर्षं. तुमचं काम बहुधा पहिल्या पायरीवर आहे आणि गावाने पेढे चौथ्या पायरीचे वाटले.

मी उपकोषागारात आणि नंतर जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात मिळून ३१ वर्षं बिलं तपासली. त्या अनुभवावरून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आधी सांगतो. सरकारने किती खर्च करावा याचा आकडा आपल्या घटनेत कुठेही लिहिलेला नाही. कोणाच्या परवानगीशिवाय पैसा हलणार नाही, हे मात्र फार कडक शब्दांत लिहिलं आहे. हे बंधन सरकारचा हात अडवण्यासाठी आहे. सरकारने हात पुढे करून तुमच्या गावाला द्यावं अशी सक्ती करणारी कलमं फार थोडी आहेत.

राज्याचा कराचा, कर्जाचा, केंद्राकडून आलेला सगळा पैसा अनुच्छेद २६६ प्रमाणे एकत्रित निधीत जमा होतो. विधिमंडळाने कायदा करून परवानगी दिल्याशिवाय त्यातून एक रुपया काढता येत नाही. ते अनुच्छेद २०४ मध्ये आहे आणि २६६ मध्ये पुन्हा एकदा बजावलं आहे. दरवर्षी अर्थसंकल्पानंतर जे विनियोजन विधेयक मंजूर होतं, तीच ही परवानगी. हे बंधन मोडलं की काय होतं ते १९९६ मध्ये देशाने पाहिलं. तेव्हाच्या बिहारमधल्या चाईबासा कोषागारातून पशुसंवर्धन खात्याने तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त पैसे खोट्या बिलांवर वर्षानुवर्षं काढले होते. चारा घोटाळा म्हणतात तो हाच.

आता तुमच्या कामाचं. विनियोजन कायद्याला जोडलेलं परिशिष्ट कधी मिळालं तर उघडून पाहा. त्यात मागणीचा क्रमांक असतो, खात्याच्या कामाचं ढोबळ नाव असतं आणि एकूण रक्कम असते. तुमच्या गावाचं नाव त्यात नाही, कोणत्याच गावाचं नाही. ते नाव खात्याच्या यादीत असतं, कायद्यात नसतं. विधानसभेने मत दिलं ते अख्ख्या मागणीच्या रकमेला. त्या रकमेच्या वर खात्याला जाता येणार नाही, एवढंच त्या मताने बांधलं गेलं. त्या रकमेतून तुमचा रस्ता झालाच पाहिजे, असं त्या कायद्याने कोणालाही बांधलेलं नाही. विनियोजन ही वरची मर्यादा आहे, देण्याचं वचन नाही. माझी सगळी नोकरी या एका फरकाभोवती गेली, आणि गावातल्या माणसाला तो कोणी सांगत नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आमदारांवरचं बंधनही समजून घ्या, म्हणजे त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं ते कळेल. अनुच्छेद २०३ प्रमाणे मागणी मांडायला राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात ती सरकारच मांडतं. विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही, एका रुपयानेही नाही. म्हणून आमदार कपात सूचना देतात, शंभर रुपये कमी करा म्हणतात आणि त्या निमित्ताने आपल्या भागाचं गाऱ्हाणं मांडतात. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. म्हणजे तुमच्या आमदाराची खरी ताकद सभागृहातल्या मतापेक्षा, त्याआधी खात्याकडून यादी बनवून घेण्यात आणि नंतर निधी सोडवून घेण्यात आहे.

यादीत नाव आलं तरी समोरचा आकडा पाहायचा असतो. काम ४० लाखांचं, पण त्या वर्षाची तरतूद हजार रुपयांची, याला टोकन तरतूद म्हणतात. काम सुरू करण्याची दारं उघडी राहावीत म्हणून ती ठेवतात. पेपरात छापून येतं ते ४० लाख. अभियंत्याच्या रजिस्टरला दिसतात ते हजार. तुमच्याकडे हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

एक प्रसंग सांगतो, तारीख ३१ मार्च. वित्त विभागात संध्याकाळी सातनंतर बिलांचे गठ्ठे येतच होते. पंखा फिरला की कागद उडत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर पाण्याचा ग्लास ठेवला होता. एका तालुक्यातल्या रपट्याचं ११ लाखांचं बिल माझ्या टेबलावर आलं. मोजमाप पुस्तिका बरोबर, उपअभियंत्याची सही बरोबर, काम झालेलं. त्या कामासाठी त्या वर्षी हातात आलेला निधी मात्र दोन लाख. मी दोन लाखांपुरतं बिल पास केलं आणि बाकी परत केलं. ठेकेदार म्हणजे कोणी मोठा माणूस नव्हता. त्याच गावचा, चार एकर पऱ्हाटी असलेला, पतसंस्थेचं कर्ज काढून गिट्टी-सिमेंट आणलेला पोरगा. प्लॅस्टिकची फाइल मांडीवर घेऊन तो रात्री साडेअकरापर्यंत बाकावर बसून होता. मला म्हणाला, "साहेब, रपटा तर झाला ना, उद्या तिथून बंडी जाईल ना." मला उत्तर देता आलं नाही. त्याचे उरलेले पैसे निघायला पुढच्या वर्षीची उलंगवाडी, म्हणजे कापसाच्या हंगामाचा शेवट, उजाडली, आणि व्याज त्याने भरलं.

त्या रात्री मी नऊ लाख देऊ शकलो नाही ते बरोबरच होतं, आजही तेच करीन. चूक आधीच्या टेबलावर झाली होती, पुरती तरतूद नसताना कार्यारंभ आदेश देणाऱ्याच्या. घटनेतलं बंधन पैशावर बसतं, आदेशाच्या कागदावर आपोआप बसत नाही. म्हणून अधिकारी दबावाखाली आदेश काढून मोकळे होतात आणि ओझं शेवटच्या माणसाच्या डोक्यावर येतं. मोठ्या कामातही तेच. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी होती, पुढे ती १८ हजार कोटींच्या वर गेली. मान्यता अख्ख्या धरणाला एकदा मिळते, पैसा मात्र वर्षावर्षाला मतावर येतो. एका वर्षाच्या सभागृहाने पुढच्या सभागृहाला बांधायचं नाही, हे तत्त्व लोकशाहीसाठी योग्यच आहे, पण त्याची किंमत रखडलेल्या कालव्याखालच्या वावरांनी मोजली.

आता पोरांचा कर्जाचा मुद्दा. राज्याला 'पाहिजे तेवढं' कर्ज काढता येत नाही. अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला फक्त देशात कर्ज काढता येतं, परदेशातून थेट नाही. त्याची मर्यादा राज्याच्या विधिमंडळाने कायद्याने ठरवायची. आणि केंद्राच्या जुन्या कर्जाची काहीही बाकी असेल तर नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते. केंद्रासाठी अशीच सोय २९२ मध्ये आहे. तिथेही आकडा नाही, मर्यादा संसदेने ठरवावी एवढंच आहे. १० ऑगस्ट १९४९ ला घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. मर्यादा घटनेतच का घालत नाही, असा सवाल होता. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की संसद अशी मर्यादा घालणारे कायदे करील, अशी माझी नुसती आशा नाही तर अपेक्षा आहे. प्रांतांच्या अर्थव्यवहारावर तरुणपणीच संशोधन केलेला माणूस हे बोलत होता. संसदेने तो कायदा केला २००३ मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. महाराष्ट्राने आपला वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००५ चा केला. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भागवावा लागणारा खर्च, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची जी चर्चा तुम्ही ऐकता, ती या कायद्यांतून आणि वित्त आयोगाच्या शिफारशींतून आली. घटनेतून नाही. हे साधे कायदे आहेत, साध्या बहुमताने बदलता येतात, आणि अडचणीच्या वर्षी मर्यादा सैल केली जाते. पंधराव्या वित्त आयोगानेच २०२१-२२ साठी ४ टक्के दिले होते, पुढच्या वर्षी साडेतीन, मग तीन. केंद्राने राज्याचं कर्ज किती अडवावं, यावर केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो प्रश्न घटनापीठाकडे पाठवला गेला.

कर्जाचा तुमच्या रपट्याशी थेट संबंध आहे. कर्जाचे हप्ते आणि व्याज हा घटनेच्या भाषेत भारित खर्च आहे. राज्यपालांच्या कार्यालयाचा खर्च, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार आणि कोर्टाच्या निकालाने द्यायच्या रकमाही त्यातच येतात. यावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. ते द्यावंच लागतं. त्यानंतर पगार आणि पेन्शन, तेही थांबवता येत नाहीत. मग मोठ्या योजनांचे ठरलेले हप्ते. पैसा कमी पडला की जे उद्यावर ढकलता येतं त्यावर कात्री चालते, आणि रस्ते, रपटे, शाळाखोल्या यांच्याइतकं सहज उद्यावर ढकलता येणारं दुसरं काहीच नसतं. ३१ वर्षांत मी हेच पाहिलं. गावाचा रस्ता थांबला म्हणून कोणाचा पगार थांबत नाही.

कोर्टाचं काय? भारित खर्चात निकालाच्या रकमा आहेत, ते शेतकऱ्यांसाठी मोलाचं आहे. धरणात वावर गेलेल्या माणसाला शासनाविरुद्ध वाढीव मोबदल्याचा निकाल मिळाला, तर ती रक्कम सभागृहाच्या मतावर अवलंबून राहत नाही. तरी तीन-तीन वर्षं पैसे अडतात आणि मग बेलिफ साहेबांची खुर्ची जप्त करायला येतो, हे आपल्याकडे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते तरतूद वेळेवर न मागितल्यामुळे होतं, तिथे घटनेत उणीव नाही. रस्त्याचं वेगळं आहे. सरकारने कोणत्या योजनेवर खर्च करावा हे ठरवणं विधिमंडळाचं काम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तामिळनाडूच्या मोफत वस्तूंच्या खटल्यात सांगितलं. पण १९८६ चा हिमाचल प्रदेशचा एक निकाल तुमच्या कामाचा आहे. डोंगरातल्या गरीब गावकऱ्यांनी रस्ता अर्धवट राहिला म्हणून उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. डोंगराळ भागातल्या लोकांसाठी रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मात्र पैसा किती आणि आधी कोणाला, हे सरकारवरच ठेवलं. जादा निधी मागा, एवढा उच्च न्यायालयाचा आदेश कायम केला. म्हणून ताई, नागपूर खंडपीठात जाण्याचा रस्ता बंद नाही, पण तिथून ४० लाखांचा चेक मिळणार नाही. आजारी माणूस, बाळंतीण पावसाळ्यात अडते याची नोंद असेल तर त्या अर्जाला वजन येतं. तोवर बाकीचे मार्ग संपवा.

घटनेत विदर्भाचं नाव घेऊन पैशाच्या वाटपाबद्दल बोलणारं एक कलम आहे, ३७१(२). १९५३ च्या नागपूर करारातली समन्यायी वाटपाची भावना १९५६ मध्ये घटनेत आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वेगळी विकास मंडळं आणि विकास खर्चाच्या निधीचं न्याय्य वाटप, अशी राज्यपालांची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींना आदेशाने ठरवता येते. तो आदेश निघाला १९९४ मध्ये. मधल्या काळात वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची राहिलेली तूट, मोजला, ३,१८६ कोटींचा. त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने पुन्हा मोजला तेव्हा एकूण १४,००६ कोटींपैकी विदर्भाचा ६,६२४ कोटी निघाला, म्हणजे जवळपास निम्मा. त्यानंतर राज्यपालांचे निर्देश येऊ लागले, अनुशेषाच्या प्रमाणात सिंचनाचा पैसा वाटा म्हणून. मी त्या वर्षांत नोकरीत होतो. खात्यांना हिशेब द्यावा लागायचा, वरिष्ठ निर्देशांचा कागद टेबलावर ठेवून बैठक घ्यायचे, हा फरक खरा होता. पण कलमात शब्द 'वाटप' आहे, 'खर्च' नाही. तरतूद विदर्भाला झाली आणि ३१ मार्चपर्यंत खर्चलीच नाही, तर वाटपाचा आकडा शाबूत राहतो आणि कालवा कोरडाच. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. ही मंडळं फार काही करत नव्हती असं म्हणणारे आहेत, पण दरवर्षी विधानसभेसमोर त्यांच्या कामाचा अहवाल ठेवायचा असं घटनेतच आहे, आणि मंडळच नसेल तर अहवालही नाही. आपल्या भागाच्या पैशाबद्दल प्रश्न विचारायची ती एक ठरलेली जागा होती. ती रिकामी ठेवणं मला मान्य नाही.

आणि हेच बंधन तुमच्या हातावरही आहे, कारण ग्रामपंचायतही आता घटनेतली संस्था आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर वित्त आयोगाचा पैसा थेट तुमच्या खात्यात येतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी त्यातला ६० टक्के बंधित ठेवला, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार किंवा आस्थापना खर्च नाही. अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल आहेत, त्यामुळे छोटी मोरी किंवा रपट्याचा पोचरस्ता अबंधितातून बसू शकतो, मात्र तो गावाच्या विकास आराखड्यात ग्रामसभेने घेतलेला हवा. बंधित निधीतून रस्ता करायचा मोह कोणी दाखवला तर सही करू नका. लेखापरीक्षणात वसुली सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर निघते.

आता काय करायचं. जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या उपविभागात जाऊन पहिला प्रश्न विचारा, आमच्या कामाचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाचा क्रमांक) कोणतं? ३०५४ असेल तर दुरुस्ती-देखभालीचं महसुली शीर्ष, ५०५४ असेल तर रस्ते-पुलांचं भांडवली, २५१५ असेल तर ग्रामविकासाचं. तिन्हींचे निधी वेगळ्या दारातून येतात. दुसरा प्रश्न, प्रशासकीय मान्यतेचा आदेश क्रमांक आणि तारीख. तिसरा, चालू वर्षाची तरतूद किती, टोकन की खरी. चौथा, त्यातली बीडीएसवर, म्हणजे निधी वितरणाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, किती आली. चारही उत्तरं लेखी घ्या, माहिती अधिकारात अर्ज करावा लागला तर करा. 'निधी मंजूर आहे का' हा प्रश्न यापुढे कोणालाच विचारू नका, 'या वर्षी तरतूद किती' हे विचारा.

तरतूद टोकनच निघाली तर वेळ अजून गेलेली नाही. हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं आणि त्यात पुरवणी मागण्या येतात. अनुच्छेद २०५ ने सरकारला वर्षाच्या मध्ये जादा परवानगी मागायची ही सोय दिली आहे. मागणीत काय घालायचं ते खातं अधिवेशनाच्या बऱ्याच आधी ठरवतं, म्हणून आमदारांना निवेदन देताना लेखाशीर्ष, मान्यतेचा क्रमांक आणि लागणारी या वर्षाची रक्कम, या तीन ओळी लिहून द्या. पानभर विनंतीपेक्षा त्या तीन ओळी खात्याला उपयोगी पडतात.

प्रशासकीय मान्यताच नसेल तर पुरवणी मागणीचा आग्रह सोडा आणि ३१ मार्चच्या आत मान्यता मिळवा. जिल्हा नियोजन समिती पुढच्या वर्षी आधी जुन्या मान्य कामांचं दायित्व, म्हणजे त्यांना द्यायची राहिलेली रक्कम, पाहते, मग नवी कामं. त्या यादीत आलात तर रांगेत पुढे असाल. मात्र पुरती तरतूद कागदावर दिसेपर्यंत गावातल्या कोणालाही कर्ज काढून काम सुरू करू देऊ नका, कोणीही "करून टाका, बिल निघते" म्हटलं तरी.

कार्यालयातून जो आदेश मिळेल त्याचा फोटो लेखाशीर्षाचा पूर्ण आकडा दिसेल असा काढून पाठवा. त्यावरून पुढचं पत्र कोणाच्या नावाने लिहायचं ते मी सांगतो.